बंब येईपर्यंतची पंधरा मिनिटे

गेल्या अंकात कामाच्या ठिकाणची आपत्कालीन तयारी या विषयावर प्रश्न मागवले होते. ठाणे आणि नवी मुंबईतून आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका रसायन कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी म्हणून नोकरी केली आणि तेथूनच निवृत्त झालो, त्यामुळे उत्तरांत त्या अनुभवाचा वास येणारच. पत्रलेखकांची व त्यांच्या कंपन्यांची नावे अर्थातच गाळली आहेत.

प्रश्न : तुर्भे एमआयडीसीतील एका गाळ्यावर मी रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे. एका रात्री शेजारच्या गाळ्यातून धूर येताना दिसला. साहेबांना फोन लावला, त्यांनी उचलला नाही. दुसऱ्या साहेबांनी ‘आधी नीट खात्री करा, उगाच गाजावाजा नको’ असे सांगितले. शेवटी मी स्वतःच अग्निशमन दलाला फोन केला. दुसऱ्या दिवशी न विचारता फोन केल्याबद्दल बोलणी खावी लागली. बंबाला बोलावण्याचा मला अधिकार आहे की नाही?

उत्तर : आहे. तो आपल्यालाच काय, रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही आहे. १०१ किंवा ११२ या क्रमांकावर आगीची वर्दी देण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते. धूर दिसल्यावर आपण खात्री करण्यासाठी आत शिरला नाहीत हेही योग्यच केलेत, कारण बंद गाळ्यात साठलेला धूर दोन-चार श्वासांत माणसाला आडवा करतो.

आता हे उत्तर वाचणाऱ्या मालकवर्गासाठी चार शब्द. रात्री दोन वाजता आपल्या कारखान्याचा खरा प्रमुख गेटवरचा रक्षक असतो, मग योजनेच्या कागदावर कोणाचेही नाव असो. त्याने आधी आग विझवायची की फोन करायचा, फोन आधी साहेबांना करायचा की अग्निशमन दलाला, हे त्या क्षणी त्याच्यावर सोपवणे म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या गळ्यात बांधून झोपी जाणे होय. ‘धूर, आग, स्फोट किंवा वायूचा वास आल्यास रक्षकाने प्रथम अग्निशमन दलास कळवावे व नंतर व्यवस्थापनास, वर्दी चुकीची ठरली तरी त्याच्यावर कारवाई होणार नाही’ असा दोन ओळींचा सहीशिक्क्याचा आदेश गेटवरच्या केबिनमध्ये लावा. यासाठी एक पैसाही खर्च होत नाही, तरीही मी पाहिलेल्या बहुतेक गेटांवर असा कागद नव्हता.

फोनवर काय सांगायचे याचाही सराव हवा. नवी मुंबईत नुसते ‘सेक्टर सतरा’ म्हणून भागत नाही, कारण सेक्टर १७ वाशीतही आहे आणि ऐरोलीतही. म्हणून आधी उपनगराचे नाव, मग सेक्टर किंवा प्लॉट क्रमांक, मग जवळची ठळक खूण, मग काय पेटले आहे आणि आत कोणी अडकले आहे का, या क्रमाने सांगावे आणि समोरच्याने ठेवल्याशिवाय फोन ठेवू नये. हा मजकूर मोठ्या अक्षरांत लिहून फोनशेजारी चिकटवा, कारण घाबरलेल्या माणसाला रोजचा पत्तासुद्धा आठवत नाही. एमआयडीसीचे स्वतःचे अग्निशमन दल आहे आणि महापालिकेचेही आहे. आपल्याला जवळचे केंद्र कोणते, हे शांतपणे चौकशी करून त्याचा थेट क्रमांकही त्याच कागदावर लिहून ठेवावा. फोन झाल्यावर एकाने मुख्य रस्त्याच्या वळणावर जाऊन उभे राहावे आणि गेटसमोरचे टेम्पो हलवून घ्यावेत. बंब वेळेवर येऊनही रस्त्यातल्या ट्रकमुळे अडल्याचे मी पाहिले आहे.

प्रश्न : वागळे इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर आमचा पॅकेजिंगचा कारखाना असून सव्वीस कामगार आहेत. सल्लागाराकडून आपत्कालीन योजनेची जाडजूड फाइल करून घेतली आहे. अग्निशामक सिलिंडर वेळेवर भरून घेतो, जानेवारी आणि जुलैचे प्रमाणपत्रही न चुकता देतो. आणखी काही करायला हवे का?

उत्तर : महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार आगविरोधी यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र, म्हणजे प्रपत्र ‘ब’, वर्षातून दोनदा द्यावे लागते. आपण ते वेळेवर देता याबद्दल अभिनंदन, कारण ते विसरणारे पुष्कळ आहेत. मात्र ते प्रमाणपत्र यंत्रणेचे असते. ती यंत्रणा वापरणाऱ्या माणसांचे प्रमाणपत्र कोणतीही संस्था देत नाही.

फाइलीबद्दल माझा एक अनुभव सांगतो. आमच्या कारखान्यात तिसऱ्या पाळीत पिंपांच्या शेडमध्ये छोटी आग लागली होती. आमची योजना उत्तम होती. नकाशे, जबाबदाऱ्या, फोनची यादी, सगळे त्यात होते आणि ते मीच मेहनतीने लिहिले होते. ती फाइल कपाटात होती, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली बदलापूरला राहणाऱ्या कार्यालयीन अधीक्षकांच्या खिशात होती. योजनेत ‘घटनास्थळ नियंत्रक’ म्हणून माझे नाव होते आणि मी घरी झोपलो होतो. आग विझवली ती ठेकेदाराच्या एका कामगाराने, आधीच्या नोकरीत कोणीतरी शिकवलेले त्याच्या लक्षात होते म्हणून. त्याचे नाव आमच्या योजनेत कुठेच नव्हते.

तेव्हापासून मी एकच परीक्षा घेत आलो आहे, ती आपणही घ्या. कारखान्यात सर्वांत अलीकडे लागलेल्या कामगाराला हाक मारा आणि तीन प्रश्न विचारा : हा दरवाजा धुराने बंद झाला तर तू कुठून बाहेर जाशील? मेन स्विच कुठे आहे? बाहेर गेल्यावर कुठे उभा राहशील? तिन्ही उत्तरे न अडखळता आली तर फाइल सार्थकी लागली असे समजा. आली नाहीत तर त्या फाइलीतून एक पान काढा, त्यावर नकाशा आणि या तीन प्रश्नांची उत्तरे मराठीत व हिंदीत लिहा आणि ते प्रत्येक दाराशी लावा.

सिलिंडरबाबतही असेच आहे. भिंतीवर टांगलेला सिलिंडर सव्वीसपैकी किती जणांनी प्रत्यक्ष हाताळला आहे? सहा किलोचा पावडरचा सिलिंडर पंधरा-वीस सेकंदांत रिकामा होतो, त्यामुळे पिन कोणती आणि ती कशी उपटायची हे आगीसमोर शिकायला सवड मिळत नाही. सिलिंडर पुन्हा भरायला देण्याआधी ते मोकळ्या पटांगणात कामगारांच्या हातांनी रिकामे करा. ते नाहीतरी रिकामे व्हायचेच असतात, मग ते सेवा देणाऱ्याच्या गोदामात का व्हावेत? पिन उपटून नळी ज्वाळांच्या बुडाशी रोखायची, दांडी दाबायची आणि झाडू मारल्यासारखी नळी आडवी फिरवायची, हे एकदा केलेला हात विसरत नाही. वापरताना बाहेरचा दरवाजा मात्र नेहमी आपल्या पाठीशी असावा. कचऱ्याच्या डब्याएवढी आग सिलिंडरचे काम आहे. ज्वाळा आपल्या उंचीच्या झाल्या की ते काम बंबाचे, आपण बाहेर पडायचे.

आपल्या व्यवसायात पुठ्ठा आणि प्लास्टिकची फिल्म भरपूर असणार. तयार खोक्यांच्या थप्प्या जिन्यात लावलेल्या नाहीत ना, आणि चोरीच्या भीतीने मागच्या दाराला दिवसा कुलूप तर नसते ना, हे आजच संध्याकाळी खाली उतरताना पाहा. छोट्या कारखान्यांत माणसे अडकतात ती बहुधा या दोन कारणांनी.

प्रश्न : ऐरोलीच्या एका आयटी पार्कमध्ये नवव्या मजल्यावरील कंपनीत मी मनुष्यबळ विभागात काम करते. आमच्याकडे वर्षातून दोनदा मॉक ड्रिल होते. आदल्या दिवशी सर्वांना मेल जाते. व्यवस्थापक मंडळी मीटिंगचे कारण सांगून जागेवरच थांबतात, बाकीचे बॅगा घेऊन गप्पा मारत उतरतात. आमचे एक सहकारी चाकाच्या खुर्चीवर असतात, त्यांना ‘तुम्ही बसूनच राहा, हा सरावच तर आहे’ असे सांगितले जाते. हे मनाला पटत नाही. काय सुचवाल?

उत्तर : आपल्या मनाला पटले नाही हे फार चांगले झाले. त्या सहकाऱ्यांना प्रत्येक सरावात ‘बसून राहा’ असेच शिकवले जात आहे आणि इतरांना त्यांना मागे ठेवून जायला शिकवले जात आहे. सरावात जे होते तेच प्रसंगी घडते.

प्रथम त्यांच्याशीच बोला. कोणती मदत हवी, उचलताना कुठे धरायचे, खुर्ची सोडून उतरता येईल का, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नाही. त्यांच्या सोबतीला दोन जोडीदार नेमा आणि त्या दोघांनाही पर्यायी दोघे, कारण रजा आणि घरून काम हे आता रोजचेच झाले आहे. जिन्यावरून खाली नेणारी घसरखुर्ची मिळते. आयटी पार्कच्या व्यवस्थापनाने ती प्रत्येक इमारतीत ठेवावी असा आग्रह धरा. इमारतीत आश्रयाची जागा, म्हणजे रेफ्युज एरिया, असेल तर ती कोणत्या मजल्यावर आहे, तिला कुलूप तर नाही ना आणि तेथे जुने फर्निचर तर ठेवलेले नाही ना, हे स्वतः चालत जाऊन पाहा. हीच व्यवस्था गरोदर सहकारी, दम्याचे रुग्ण आणि पायाला प्लास्टर असलेले यांच्यासाठीही लावता येते.

आता सरावाबद्दल. पूर्वसूचनेचा पहिला सराव ठीक आहे, दुसरा अचानक घ्या. एका जिन्याच्या तोंडाशी ‘येथे आग आहे’ असा फलक धरून माणूस उभा करा आणि लोक दुसऱ्या जिन्याकडे वळतात की त्याच्याशी हुज्जत घालतात ते पाहा. हुज्जत घालणारे बहुधा वरिष्ठ असतात. त्यांच्यासाठी उपाय एकच : सरावाचा अहवाल कंपनीच्या सर्वोच्च अधिकाऱ्याकडे जावा आणि त्यात जागेवर थांबलेल्यांची संख्या विभागवार दिलेली असावी.

माणसे मोजण्याकडे विशेष लक्ष द्या. प्रवेशपत्राच्या नोंदीवरून आत किती जण आहेत हे कळते असा समज असतो, परंतु एकाच्या कार्डावर तिघे आत शिरतात हे आपणा सर्वांना माहीत आहे. पॅन्ट्रीतील मावशी, सफाई कर्मचारी, एसी दुरुस्तीला आलेला मुलगा यांची नावे आपल्या हजेरीत नसतातच. खाली जमल्यावर ‘आमच्या विभागातील सगळे आले’ असे ओरडून सांगतात आणि नवव्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहात एक बाई अडकलेली असते. मजल्याच्या वॉर्डनने स्वच्छतागृहे, पॅन्ट्री आणि मीटिंगच्या खोल्या पाहूनच शेवटी उतरायचे असते. जमण्याची जागा काचेच्या दर्शनी भिंतीखाली नसावी आणि बंबाच्या वाटेवरही नसावी. आपल्याकडे ती बहुधा जेथे सावली असते तेथे ठरते.

लिफ्ट वापरायची नाही हे सर्वांना पाठ असते. बंद दार उघडण्याआधी हाताच्या मागच्या बाजूने चाचपून पाहायचे आणि गरम लागल्यास उघडायचे नाही, धुरात वाकून किंवा रांगत जायचे कारण जमिनीलगत हवा त्यातल्या त्यात स्वच्छ असते, या गोष्टी मात्र करून दाखवल्याशिवाय कोणाच्या लक्षात राहत नाहीत. आणि रात्रपाळी असेल तर एक सराव पहाटे तीनला घ्या. मला शिव्या पडतील, पण घ्या.

प्रश्न : महापे येथे आमचे केवळ हिशेबाचे कार्यालय आहे, रसायनांशी आमचा संबंध नाही. आसपास मात्र कारखाने आहेत आणि अधूनमधून उग्र वास येतो. वायुगळती झाली तर आम्ही पळावे की आत थांबावे?

उत्तर : रसायनांशी आपला संबंध नसला तरी वाऱ्याशी आहे, त्यामुळे प्रश्न अगदी रास्त आहे. भोपाळमध्ये २ व ३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हजारो लोक वाऱ्याच्या दिशेने पळाले, म्हणजे वायूच्या सोबतच पळत राहिले. तोंडावर ओले फडके धरा, एवढी साधी गोष्टही त्यांना आधी कोणी सांगितलेली नव्हती. पुढे १९८७ साली कारखाने अधिनियमात दुरुस्ती होऊन धोकादायक प्रक्रिया चालवणाऱ्या कारखान्यांनी धोक्याची माहिती कामगारांना आणि आसपासच्या लोकांना द्यावी, अशी तरतूद आली ती त्या रात्रीमुळेच.

सर्वसाधारण नियम असा की, आपण पक्क्या इमारतीत असाल, गळती बाहेर असेल आणि बाहेर पडण्याची अधिकृत सूचना नसेल, तर आतच थांबावे. खिडक्या-दारे बंद करावीत, एसी आणि एक्झॉस्ट पंखे बंद करावेत, दाराच्या फटीत ओली फडकी कोंबावीत आणि वारा ज्या बाजूने येतो तिच्या विरुद्ध बाजूच्या खोलीत जमावे. ढग बहुधा काही काळाने विरतो आणि घाईने रस्त्यावर उतरलेला माणूस त्याच्या मधोमध सापडतो. उघड्यावर असाल तर मात्र आधी वारा पाहा. कारखान्यांच्या छतांवर जी रंगीत पिशवी फडफडते ती शोभेची नसते. तिचे निमुळते टोक वारा जिकडे वाहतो तिकडे असते. वाऱ्याला आडवे, काटकोनात निघून ढगाच्या बाहेर पडावे.

वर चढायचे की खाली राहायचे, हे वायूवर अवलंबून असते. क्लोरीन हवेपेक्षा जड असतो, तो तळघरात आणि खोलगट भागात साचतो, म्हणून वरचा मजला बरा. शीतगृहांत वापरला जाणारा अमोनिया हवेपेक्षा हलका असतो, मात्र दाबाखालचा द्रव अमोनिया फुटून बाहेर आला तर थंड पांढऱ्या धुक्यासारखा सुरुवातीला जमिनीलगतच पसरतो, तेव्हा ‘हलका आहे, वर जाईल’ या भरवशावर राहू नये. अमोनिया पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून ओल्या फडक्याचा त्याच्या बाबतीत खरोखर उपयोग होतो.

म्हणून पुढच्या आठवड्यात एक काम करा. शेजारच्या कारखान्यांच्या सुरक्षा अधिकाऱ्यांना भेटा आणि विचारा : आपल्याकडे कोणते वायू आहेत, सायरन कसा वाजतो, धोका टळल्याचा भोंगा कोणता? ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखान्यांनी एकमेकांच्या मदतीला धावून जाण्यासाठी ‘मार्ग’ नावाची परस्पर साहाय्य व्यवस्था उभी केली आहे, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे देणारी माणसे आपल्या आसपासच आहेत. मी नोकरीत असताना शेजारच्या कार्यालयांतून असे विचारायला कोणी आले की मला आनंदच होत असे. फार थोडे आले.

आणखी एक गोष्ट. डोंबिवली एमआयडीसीत २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ रोजी स्फोट झाले, तेव्हा दूरदूरच्या इमारतींच्या काचा फुटल्या आणि त्या काचांनी माणसे जखमी झाली. मोठा आवाज झाला की आपण खिडकीकडे धावतो. आपल्या सहकाऱ्यांना उलटे करण्याची सवय लावा : आवाज ऐकताच खिडकीकडे पाठ करून टेबलाआड वाकायचे.

प्रश्न : प्रथमोपचार पेटीत कोणकोणत्या गोळ्या ठेवाव्यात? (रबाळे)

उत्तर : एकही नाही. पेटी जखमेसाठी असते. निर्जंतुक पट्ट्या, कापूस, चिकटपट्टी, कात्री, हातमोजे एवढे आधी पुरेसे ठेवा. डोकेदुखीच्या गोळ्या ठेवल्या की पेटी रोज उघडली जाते आणि ज्या दिवशी हात कापतो त्या दिवशी तीत फक्त गोळ्याच उरलेल्या असतात. कारखाने अधिनियमाने दर दीडशे कामगारांमागे किमान एक पेटी सांगितली होती आणि ती प्रथमोपचाराचे प्रशिक्षण घेतलेल्या माणसाच्या ताब्यात असावी असेही म्हटले होते. पेटीपेक्षा तो माणूस महत्त्वाचा. भाजलेल्या जागेवर वीस मिनिटे नळाचे वाहते पाणी सोडायचे, हळद, टूथपेस्ट किंवा बर्फ लावायचा नाही. आणि हृदय बंद पडलेल्या माणसाच्या छातीवर मध्यभागी मिनिटाला शंभर ते एकशेवीस या गतीने पाच ते सहा सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे व दुसऱ्याने १०८ ला फोन करायचा, एवढे ज्याला येते असा एक तरी माणूस प्रत्येक पाळीत हवा.

प्रश्न : वाशीत माझे चाळीस जणांचे कार्यालय आहे. मुसळधार पावसात कर्मचारी दुपारीच घरी जाण्याची परवानगी मागतात. कधी सोडावे आणि कधी थांबवून घ्यावे?

उत्तर : २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्या दिवशी कार्यालयातच थांबलेले बहुतेक जण दुसऱ्या दिवशी ओले, उपाशी पण सुखरूप घरी पोहोचले. वाटेत अडकलेल्या सर्वांना ते भाग्य लाभले नाही. काही जण तर पाण्यात बुडालेल्या मोटारींतच गुदमरले. म्हणून माझा सल्ला असा की, सोडायचे तर लवकर सोडा, आणि ती वेळ टळली असेल तर सोडूच नका.

लवकर म्हणजे केव्हा, हे भरतीच्या वेळापत्रकावरून ठरवता येते. नवी मुंबईचा बराचसा भाग भराव टाकून वसवलेला आणि खाडीच्या भरतीपेक्षा सखल आहे, म्हणूनच सिडकोने धारण तलाव आणि त्यांना झडपेची दारे अशी रचना केली. भरतीत ती दारे मिटतात आणि शहराचे पाणी तलावात साठत राहते. मोठी भरती आणि मोठा पाऊस एकाच वेळी आले की रस्त्यावर पाणी दिसू लागते. तेव्हा हवामान खात्याचा इशारा असेल त्या दिवशी सकाळीच भरतीची वेळ पाहा आणि कळवा, दिवा, बदलापूर अशा लांबच्या लोकांना भरतीच्या पुरेसे आधी निघू द्या किंवा त्यांना त्या दिवशी घरूनच काम सांगा. परवानगी एकेकाने मागण्याची वेळ येऊ नये. मागायला संकोचणारे नेमके सर्वांत दूरचे असतात.

थांबावे लागलेच तर चाळीस जणांना एक रात्र काढता यावी एवढे पिण्याचे पाणी, बिस्किटे, चादरी, सॅनिटरी पॅड, विजेऱ्या आणि चार्ज केलेल्या पॉवर बँका जूनच्या आत एका कपाटात ठेवा. ज्यांना रोजची औषधे घ्यावी लागतात त्यांनी एक दिवसाचा साठा टेबलाच्या खणात ठेवावा असे स्पष्टपणे सांगा. मीटरची खोली तळमजल्यावर असेल तर पाणी दाराशी येण्याआधी मेन स्विच बंद करायचा कोणी, हे आजच ठरवा. पाणी आत शिरल्यावर त्या खोलीत कोणीही पाऊल ठेवायचे नाही.

प्रश्न : पाचपाखाडीतील आमच्या व्यापारी संकुलाच्या गच्चीला सेक्रेटरी कायम कुलूप लावतात, कारण तेथे लोक सिगारेट ओढतात. आगीच्या वेळी गच्चीवर जायचे झाल्यास काय?

उत्तर : आगीत पहिली वाट नेहमी खालची. धूर वर चढतो आणि जिना हे त्याचे धुराडे बनते, म्हणून गच्चीवर जाणे हा खालची वाट बंद झाल्यावरचाच उपाय आहे. तरीही कुलूप नको, कारण ज्याच्यावर ती वेळ येते त्याच्यापुढे दुसरा उपायच नसतो. सेक्रेटरींची अडचणही खोटी नाही. आतून दांडी ढकलताच उघडणारे आणि उघडले की घंटा वाजवणारे दार मिळते. ते बसेपर्यंत किल्ली दाराशेजारीच काचेच्या छोट्या पेटीत ठेवावी आणि पेटीखाली एक हातोडी साखळीने बांधावी. साखळी अवश्य घालावी, नाहीतर हातोडी आठवड्याभरात कोणाच्या तरी दुकानात खिळे ठोकताना दिसेल.